टीव्ही घ्यायचाय? आधी घरात मोजा, मग दुकानात जा

(पुण्यात झालेल्या तिमाही सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. ज्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

जेवणं झाली आहेत, पंखा हळू आहे, म्हणून मुद्दाम असा विषय घेतला की कोणाला डुलकी लागणार नाही. विषय टीव्हीचा.

गेल्या तीन महिन्यांत मी ज्या गटांची इतिवृत्तं वाचली, त्यांतल्या चार ठिकाणी कर्जाचं कारण ‘टीव्ही’ असं लिहिलेलं होतं. एका गटाने ‘चैनीच्या वस्तूला कर्ज नाही’ म्हणून नकार दिला. आणखी एका गटात कारण लिहिलं होतं ‘घरदुरुस्ती’. मी घर बघायला गेले, तर दुरुस्त झालेलं काहीच नव्हतं, पण भिंतीवर नवा टीव्ही होता! हसू नका, तुमच्यातल्याच आहेत. माझं म्हणणं एवढंच की टीव्ही घ्यायचा असेल तर इतिवृत्तात टीव्हीच लिहा. दिवसभर राबणाऱ्या बाईला संध्याकाळी तासभर काही बघावंसं वाटलं, तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? लपवलं की कोणाला विचारता येत नाही, आणि न विचारता घेतलेली वस्तू फसते.

शेळी घेताना तुम्ही काय करता? दात बघता, कास बघता, चालवून बघता, आधीच्या मालकाला दोन प्रश्न जास्तच विचारता. शेळीएवढ्याच किमतीचा टीव्ही घेताना मात्र विक्रेता मुलगा रिमोट हातात धरून जे सांगेल ते ऐकून घेतो.

आता एक प्रसंग सांगते. ज्यांचा आहे त्यांना विचारूनच सांगतेय, फक्त नाव नको म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी या ताई गटाचं पंधरा हजारांचं कर्ज घेऊन पुण्याला आल्या. घ्यायचा होता ३२ इंची टीव्ही. दुकानदार म्हणाला, “त्याच पैशांत ४३ इंची देतो, फोर के, स्मार्ट, सगळं आहे.” कंपनीचं नाव आम्ही कोणी ऐकलेलं नव्हतं. बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा लागेल.” मग एका चिठ्ठीवर रक्कम लिहून, शिक्का मारून दिली. वरचे पाचशे रुपये ताईंनी आपल्या कनवटीचे घातले.

घरी गेल्यावर टीव्ही फळीवर बसेना. मग समोरच्या भिंतीवर उंच लावला. खाली बसून बघितलं की माणसांचे चेहरे राखाडी दिसायचे. सात महिन्यांनी पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आली. खोक्यावरचा नंबर लागत नव्हता. दुकानात गेलो तर म्हणाले, पॅनल बदलायला नऊ हजार पडतील. हातात फक्त चिठ्ठी, तिच्यावर ना मॉडेल, ना सिरियल नंबर. तक्रार तरी कशाच्या जोरावर करायची?

त्या ताईंनी गटाचा एकही हप्ता चुकवला नाही. शेवटचा हप्ता भरला ती बैठक त्यांच्याच घरी होती आणि टीव्हीवर चादर टाकलेली होती. पैसे गेले त्यापेक्षा त्यांना जास्त लागलं ते घरचं बोलणं. आता घरात काहीही घ्यायचं म्हटलं की ‘टीव्ही घेतला होता ना तू’ हे ऐकावं लागतं.

आणि मी त्या दिवशी दुकानात त्यांच्याबरोबर होते. चिठ्ठी मी माझ्या डोळ्यांनी बघितली. पण मला वाटलं, दुसऱ्याच्या खरेदीत आपण कशाला तोंड घालायचं. मी गप्प बसले. म्हणून आज बोलतेय.

तर सुरुवात घरापासून. टीव्हीचा इंच हा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. ३२ इंची टीव्ही रुंदीला साधारण २८ इंच, म्हणजे सव्वादोन फुटांच्या किंचित वर असतो. ४३ इंची तीन फुटांच्या वर जातो. टेप नसेल तर वर्तमानपत्र पूर्ण उघडा आणि भिंतीला लावा. उघडलेल्या पानांची रुंदी जवळपास ३२ इंची टीव्हीएवढी भरते. मग तुम्ही रोज जिथे बसता तिथे बसा आणि अंतर मोजा. चार ते सहा फूट असेल तर ३२ इंच पुरे. सहा ते आठ फूट असेल तर ४३चा विचार करा. आपल्या बहुतेक घरांत बाहेरची खोली दहा बाय दहाची, त्यात कॉट आणि कपाट. तिथे मोठा टीव्ही म्हणजे नाकाला पडदा लावून बसणं.

दुसरी गोष्ट कोणताही विक्रेता विचारत नाही: तुम्ही खुर्चीवर बसून बघता की खाली? आपण खाली बसतो. भाजी निवडत, वाती वळत, पापड लाटत बघतो. पोरं आडवी पडून बघतात, कोणी दारातून बघतं. दुकानात मात्र टीव्ही डोळ्यांसमोर असतो आणि आपण उभ्या असतो. स्वस्त टीव्हीचा पॅनल समोरून छान दिसतो, पण खालून किंवा बाजूने बघितला की रंग फिके पडतात. काही पॅनल बाजूनेही चांगले दिसतात, त्यांना आयपीएस म्हणतात. पण नाव पाठ करायची गरज नाही. दुकानात सरळ खाली बसा आणि वर बघा. मग दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे जा. चेहऱ्याचा रंग बदलला तर तो टीव्ही आपल्या घरचा नाही. लाजू नका, साडी मळली तर धुता येते.

आता टीव्हीत येणार काय, ते बघा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यात दिसू लागलं. आमच्या आजी सांगतात, तेव्हा सगळी आळी एका घरात बसायची आणि एक मुलगा छपरावर अँटेना फिरवायचा. आता तुमच्याकडे केबल आहे, महिन्याचं रिचार्ज लागणारी डिश आहे, किंवा दूरदर्शनची फ्री डिश आहे. फ्री डिशला छत्री आणि डबा एकदा घ्यायचा, महिन्याचे पैसे नाहीत, सह्याद्री वाहिनी दिसते. ज्यांचं बजेट अगदी बेताचं आहे त्यांनी आधी हा हिशेब करावा. महिना तीनशेचं रिचार्ज म्हणजे तीन वर्षांत १०,८०० रुपये, म्हणजे दुसरा टीव्हीच.

‘फोर के’ म्हणजे पडद्यावर ठिपके जास्त. पण केबलवरून किंवा फ्री डिशवरून येणारं बहुतेक चित्र साधं असतं. ते मोठ्या फोर के पडद्यावर ताणलं की पाणी घातलेल्या आमटीसारखं दिसतं. इंटरनेटवरून मोठे सिनेमे बघणार असाल तर फोर केचा उपयोग. मालिका, बातम्या आणि कीर्तन बघायचं असेल तर चांगला ३२ इंची ‘एचडी रेडी’ भागतो. त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

‘स्मार्ट’चंही तसंच. स्मार्ट टीव्ही इंटरनेटवर चालतो. घरी वायफाय नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावावा लागतो, आणि रोजच्या दीड जीबीचा पॅक तास-दीड तास चांगलं चित्र बघितलं की संपतो. मग लेकीच्या अभ्यासाला नेट उरत नाही आणि भांडण तुमच्याकडे येतं. इंटरनेट असेल तर स्मार्ट जरूर घ्या, पण दुकानातच यूट्यूब उघडायला सांगा. उघडायला किती वेळ लागतो ते बघा. काही स्वस्त टीव्हींवर नुसतं ‘अँड्रॉइड’ लिहिलेलं असतं, आत मोबाइलचं जुनं सॉफ्टवेअर भरलेलं असतं आणि वर्षभरात ॲप चालेनाशी होतात. मला विचाराल तर पैसे कमी असताना चांगल्या पॅनलचा साधा टीव्ही घ्यावा. मागे एचडीएमआयच्या दोन जागा असल्या म्हणजे झालं. पुढे वाटलं तर स्मार्ट करणारी छोटी काडी किंवा डबा त्यात लावता येतो. पॅनल मात्र पुढे सुधारता येत नाही.

दुकानातला टीव्ही इतका झगमगतो कशाने? एक तर त्यात खास बनवलेला व्हिडिओ चालू असतो: समुद्र, पोपट, फुलं. आणि सेटिंग ‘विविड’ किंवा दुकानाच्या मोडवर ठेवलेलं असतं. म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन जा. मोबाइल दुकानात तो भरून मिळतो, किंवा आपल्या सीआरपी ताई भरून देतील. त्यात आपल्याच हळदीकुंकवाचा व्हिडिओ घाला. कोणाची साडी खरोखर कोणत्या रंगाची आहे हे तुम्हाला माहीत असतं. विक्रेत्याला सेटिंग ‘स्टँडर्ड’वर आणायला सांगा आणि व्हिडिओ लावा. मोरपंखी साडी निळी दिसली की समजायचं. पोपट खरा हिरवा आहे का, हे कोणाला माहीत असतं?

सर्वांत महत्त्वाचं मी मधेच सांगतेय, कारण शेवटी सांगितलं की सगळ्या बस पकडायला उठतात. सर्व्हिस. कंपनीचं सेंटर पुण्यात असून उपयोग नाही, माणूस तुमच्या गावात येतो का ते बघायचं. टीव्ही पसंत पडला की पैसे काढण्याआधी खोक्यावरच्या टोल फ्री नंबरला दुकानातूनच फोन लावा. पुण्याचा नाही, तुमच्या गावाचा पिन कोड सांगा आणि विचारा, “या पिन कोडला तुमचा माणूस घरी येतो का? किती दिवसांत?” फोनच लागला नाही, तर तेही उत्तरच आहे.

आता बिल. दुकानदार तुम्हाला म्हणेल, “जीएसटी वेगळा.” खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आणखी एक वाक्य हल्ली ऐकू येतं: “जीएसटी कमी झालाय, म्हणून एवढं स्वस्त.” २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. पण ३२ इंच आणि त्याखालच्या टीव्हींवर तो २०१९पासून १८ टक्केच आहे. ३२ इंची टीव्हीवर ‘जीएसटी सूट’ सांगितली तर हसून पुढचा दर विचारा.

पक्क्या बिलावर मॉडेल, सिरियल नंबर, तारीख, दुकानाचा जीएसटी नंबर आणि तुमचं नाव हवं. तुमचं म्हणजे तुमचंच. मालकांचं नाही, पुतण्या बरोबर आला म्हणून पुतण्याचं नाही. कर्ज तुमच्या नावावर आहे, तर वस्तूही तुमच्या नावावर हवी. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं असलं तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा अनुचित प्रथाच. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीत बोलता येतं. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे तक्रारीची फी लागत नाही. पण हे सगळं बिलावर उभं आहे. चिठ्ठीवर नाही.

हप्त्यांचं जरा सावकाश ऐका. समजा, एक टीव्ही रोख १२,५०० रुपयांना मिळतोय. तोच शून्य टक्के व्याजाने १,३९९च्या दहा हप्त्यांत, आणि फाइल चार्ज ४९९. गुणाकार करा. १३,९९० आणि ४९९ मिळून १४,४८९. म्हणजे शून्य टक्क्यांत १,९८९ रुपये जास्त गेले. रोखीची सूट मिळाली नाही, हेच ते व्याज. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते प्रक्रिया शुल्कात लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३मध्ये सांगितलंय.

तेच १२,५०० गटातून महिना एक टक्क्याने दहा महिन्यांसाठी घेतले आणि व्याज उरलेल्या रकमेवर धरलं, तर व्याज होतं सुमारे ६८८ रुपये. दोन टक्क्यांनी १,३७५. तरीही दुकानापेक्षा कमी, आणि हे व्याज आपल्याच गटात राहतं, वर्षाअखेरीस त्यात तुमचाही वाटा असतो. म्हणून ज्या गटाने ‘चैनीची वस्तू’ म्हणून नकार दिला, त्यांना माझी विनंती आहे. तुम्ही नाही म्हटलं म्हणून ती बाई टीव्ही घ्यायची थांबत नाही, ती फायनान्सवाल्याकडे जाते. बी-बियाणं, आजारपण, शाळेची फी यांची कर्जं आधी द्या, उरलेल्या शिल्लकीतून टीव्हीला द्या. नियम तुमचा, पण दार बंद करू नका.

तरीही हप्त्यावर घ्यायचाच असेल तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या कर्जांना तो द्यावाच लागतो, आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत. त्यावर सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. आणि लाडक्या बहिणीच्या पंधराशेवर हप्ता लावू नका. ते पैसे दर महिन्याला ठरलेल्या तारखेलाच येतात असं नाही, हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच खात्यातून ओढला जातो. आपल्याकडच्या एका मावशींचा हप्ता पाच तारखेचा, पैसे आले नंतर. बँकेनेही दंड लावला, फायनान्सनेही. अशा चुकलेल्या हप्त्याची नोंद सिबिलमध्ये राहते आणि उद्या मोठ्या कर्जाला गेलात की बँक ती काढून दाखवते.

विजेचं थोडक्यात. ३२ इंची एलईडी टीव्ही साधारण पन्नास वॅटचा धरला आणि रोज पाच तास चालवला तर महिन्याला साडेसात युनिट. खोक्यावरच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, दोन टीव्हींचे आकडे शेजारी ठेवून बघा. व्होल्टेज कमी-जास्त होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर लावा. विजा चमकायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायची. आणि टीव्ही नेताना कधीही आडवा ठेवू नका. जीपच्या टपावर आडवा, वर पोतं, हे मी बघितलंय. पडदा फुटला तर वॉरंटीत बसत नाही. शक्यतो दुकानाकडूनच घरपोच मागवा आणि खोकं कंपनीच्या माणसासमोर उघडा.

‘भाव कसा करायचा’ हे मी तुम्हाला सांगणार नाही. भीमथडी जत्रेत स्टॉलवर उभं राहून शहरातल्या बायकांना मसाले विकणाऱ्या तुम्ही, समोरचा कुठे अडतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त एक करा: गेल्या वर्षीचं मॉडेल आहे का विचारा. टीव्ही काही भाजी नाही, वर्षभरात शिळा होत नाही, आणि दर मात्र उतरतो.

गेल्या महिन्यात आपल्या पापडवाल्या काकूंबरोबर मी पुन्हा दुकानात गेले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांच्यासाठी टीव्ही हवा होता. काकूंनी पदराला कागद बांधून आणला होता, त्यावर फळीचं आणि कॉटचं माप. दुकानात त्या खरोखर खाली बसल्या, मग सासूबाईंसारख्या आडव्या मान करून बघू लागल्या. मुलगा हसला. त्या म्हणाल्या, “हस, पण रिमोट दे.” पहिले दोन टीव्ही नाकारले, तिसऱ्यावर हळदीकुंकू लावलं. पिन कोडचा फोन केला. गेल्या वर्षीचं मॉडेल, ओळखीची कंपनी, ३२ इंच, ११,८०० रुपये, बिल काकूंच्या नावावर. या वेळी मी गप्प बसले नाही, पण खरं सांगायचं तर मला बोलायची वेळच आली नाही.

परवा त्यांचा फोन आला. चित्र झकास आहे, पण टीव्हीचा आवाज मागच्या बाजूने येतो आणि सासूबाईंना शब्द नीट कळत नाहीत. हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुकानाच्या गोंगाटात आवाज ऐकायचा राहून गेला. पातळ टीव्हींचे स्पीकर लहानच असतात. तेव्हा तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये एक कीर्तनही घाला आणि दुकानातले बाकीचे टीव्ही दोन मिनिटं बंद करायला सांगा.

आता सभा संपल्यावर तुमच्यातल्या पाच-सहा जणी बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे जाणार आहेत, मला कळलंय. खुशाल जा, बघा, खाली बसा, दर लिहून आणा. पण ज्यांच्याकडे घरचं माप नाही, त्यांनी आज पैसे देऊ नका. मी पावणेपाचला खाली दारात थांबते, ज्यांना बरोबर यायचं असेल त्यांनी तिथे या.